आदर्श वसाहतीचं कुलूप

३ जुलै, सकाळी ६
देहूरोडच्या डेपोतून रिटायर झालो. आता कामशेतजवळ घर, मागे स्वतःचं भाताचं खाचर आणि हातात लायब्ररीची जाडजूड कादंबरी. जहाज फुटून बेटावर अडकलेली माणसं आदर्श वसाहत उभारतात. पगार नाही, हजेरी नाही, जो तो दुसऱ्यासाठी राबतो. डोळे पाणावले. संकल्प: अशी वसाहत इथे मी काढणार.

५ जुलै
शेजारचे सखारामभाऊ आले. म्हणाले, लावणीला सावड करू. आदी समदी आमच्यात, मंग तुमच्यात. पैका न्हाई. फुकट? तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, फुकटवाले ओळखतो. बांध सरकवायचा बेत दिसतो.

८ जुलै
आमची ही, आरती, नवऱ्याला शिळी भाकरी ठेवून तीन दिवस त्यांच्या लावणीला जातेय. फितवलीय. म्हणते, आपलं रोप महिन्याचं झालं, आता लावलं नाही तर वाया जाईल. दिवाळीला घरचा तांदूळ हवाय तिला. कादंबरी पान २१२ वर.

९ जुलै, दुपार
सखारामभाऊंची आई, येसूबाई, आमचं रोप निरखत होती. टेहळणी! खाचराच्या फाटकाला नवं कुलूप. किल्ली माझ्याच खिशात.

११ जुलै
कादंबरी संपली. वसाहतीची घटना लिहिली. कलम १: एकमेकांच्या कामाला न बोलावता जावे. उद्या लोणावळ्याला जाऊन लॅमिनेशन, वीस प्रती. आरती म्हणाली, उद्या घरीच थांबा, काम आहे. मला अडकवायचा डाव. काय काम ते विचारलंसुद्धा नाही.

१२ जुलै, संध्याकाळी ५
फाटकापाशी चिखलात पंधरा-वीस जणांची पावलं, टिलरची चाकं. ओरडलोच, चोर! आरती पायरीवर बसली होती. म्हणाली, आज आपली पाळी होती. सगळे आले, दुपारपर्यंत थांबले, किल्ली तुमच्याकडे, तुमचा फोन बंद. मग पुढच्या पाळीवाल्याच्या खाचरावर गेले.
फोन मीच बंद ठेवला होता. पाळत नको म्हणून.

१३ जुलै
सखारामभाऊंना विचारलं, परत कधी? म्हणाले, आठ दिसांनी, पर तवर रोप न्हाई टिकायचं. येसूबाईंना घटना वाचून दाखवली. कलम एक ऐकून म्हणाल्या, व्हय, बराबर हाय. पर तुमी कुटं आलता सायेब?
लाज वाटली.

१४ जुलै, सकाळी ७
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओट्यावर बसलो होतो. आरती दुसऱ्यांच्या लावणीला निघाली. तिने मला हाक मारली नाही.