तीन सेलची बॅटरी

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'सगळं ठीक'च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. सोबतच्या पार्सलात तुम्ही दुरुस्तीला पाठवलेली बॅटरी आहे. नवीच घ्या असं म्हणणार होते. पण तुमच्या बोटांनी नळीला आणलेली झिलई पाहिली आणि हीच उघडायला घेतली.

पिवळा दिवा काढून पांढरा एलईडी बसवला आहे. त्यासाठी तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातला दिवा सहा सेलच्या बॅटरीचा निघाला. आपल्या तीन सेलांवर तो काजव्याएवढासुद्धा लागला नसता. दुसरा इतका तापायचा की आतली प्लास्टिकची वाटी वितळली असती. शेवटी दोन उरले, उजेड दोघांचा सारखाच. त्यातला महागडा दिवा, सेल सुलटे घाला की उलटे, लागतोच. स्वस्त फक्त सुलट्या सेलांवर लागतो. दुकानदार महागड्याचा आग्रह करत होता. मी त्याला सांगितलं की माझे बाबा बावीस वर्षं पाण्याच्या टाक्यांत उतरून भेगा तपासताहेत, त्यांना सेल कसे घालायचे ते शिकवावं लागणार नाही. तो हसला आणि स्वस्त दिवा बांधून दिला.

तुम्ही बॅटरी रिकामी पाठवली होती, म्हणून नवे सेल मीच घातले आहेत. जुन्या दिव्यापेक्षा चौपट टिकतील. एवढं शिकवलंत, त्यातलं काहीतरी तुमच्या हातात परत देता आलं, याचा फार आनंद आहे. आईला नमस्कार.

लोभ आहे तेवढा राहू द्या. कमी करायचा झाला तर आधी कळवा.

तुमची,
मनी


१४ फेब्रुवारी

चि. मनी ऊर्फ पंडितबाई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बॅटरी पोचली. सोमवारी मोठ्या टाकीत उतरलो होतो. जमिनीखालची ती टाकी तू लहानपणी वरून पाहिली आहेस. तळाला उभा राहिलो आणि पार पलीकडचा खांब दिसला. बावीस वर्षांत तो मला कधी एका जागेवरून दिसला नव्हता. कामावरचा जोडीदार म्हणाला, तुझ्या मुलीने चंद्र पार्सलने पाठवला की काय. मग दिवसभर तो मलाच चंद्र म्हणून हाक मारत होता.

एक सांगतो, तुझ्या पुस्तकात नसेल. उजेड समोरून मारला की भिंत साळसूद दिसते. बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरली की केसाएवढ्या भेगेचीही सावली पडते. तुझा दिवा यातही पास झाला.

सेल अजून तूच घातलेले आहेत, संपायचं नाव नाही. माझे जादा सेल खिशात नुसतेच फिरायला येतात. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या उस्तादांनी शिकवलं होतं की सेल बदलायला वर यायचं नाही, अंधारात हातानेच बदलता आले पाहिजेत. तसा प्रसंग आता लवकर येणार नाही असं दिसतं.

आई म्हणते, वेळेवर जेव. मी म्हणतो, आईचं ऐक.

बाबांचे आशीर्वाद


२१ मे

चि. मनी,
आशीर्वाद.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही, चुका पोटात घाल.

मागच्या आठवड्यात टाकीत यांची बॅटरी मंद झाली. यांनी तिथेच सेल बदलले, पण दिवा लागेना. पुन्हा काढले, पुन्हा घातले, तरी नाही. जोडीदार त्या दिवशी वर तोंडाशी बसला होता आणि हे पार पलीकडच्या टोकाला. हाका घुमत होत्या, कुठून येताहेत ते कळत नव्हतं. भिंत चाचपत येताना तळातल्या खड्ड्यात पडले. मनगट मोडलं. वर काढायला दीड तास लागला.

साहेबांनी विचारलं तर हे म्हणाले, जादा सेल न्यायला विसरलो. विसरले नव्हते गं, मी स्वतः खिशात घातले होते. पण तुझा दिवा खराब निघाला, हे कुणाला कळता कामा नये असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी नोंदवहीत निष्काळजीपणाचा शेरा मारला आणि टाकीत उतरणं बंद केलं. आता हे कोठारात वह्या राखत बसतात. घरी आल्यावर बोलत नाहीत. जोडीदार येतो, त्याच्याशीही नाही.

बॅटरी होती तशी बांधून पाठवते आहे. मी उघडली नाही. काय झालं ते बघ.

तुझी आई


२८ मे

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार. आज मस्करी करवत नाही.

आईवर रागावू नका, तिने लिहिलं ते बरं केलं.

काल बॅटरी उघडली. दिवा शाबूत आहे. सेलही भरलेले आहेत, पण तिन्ही उलटे. त्यांची उंचवट्याची टोकं खालच्या स्प्रिंगकडे आहेत. आधी मला वाटलं, घाईत घातले असतील. मग एक सेल स्प्रिंगवर दाबून पाहिला. स्प्रिंगने टोक धरून ठेवलं, बॅटरी हलवली तरी सुटलं नाही. शिडीवर हादरे बसले तरी दिवा लुकलुकू नये म्हणून तुम्ही कायम असेच घालत आलात ना? जुन्या दिव्याला दोन्ही बाजू सारख्याच होत्या. माझ्या दिव्याला नाहीत. सुलटे केले आणि तो लगेच लागला.

म्हणजे तुमचा हात चुकला नाही. त्या हाताला न विचारता मी दिवा निवडला. दुकानदाराने सांगितलं होतं, मी ते हसण्यावारी नेलं. पार्सलात तुम्हाला त्याबद्दल लिहिलं तेसुद्धा बढाई मारण्यासाठी, सावध करण्यासाठी नाही. दीड तास तुम्ही अंधारात कसे बसला असाल, याचा विचार केला की पदवीचा कागद भिंतीवरून उतरवावासा वाटतो.

मी साहेबांना पत्र लिहिलं आहे. हे सगळं, दुकानदारासकट, जसं घडलं तसं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. बॅटरीत आता तो महागडा दिवा घातला आहे. सेल घातलेले नाहीत, ते तुम्ही घाला.

माझ्यावरचा लोभ या वेळी मागत नाही.

मनी


५ जुलै

चि. मनी हीस,
आशीर्वाद, मागितले नाहीस तरी.

प्लास्टर निघालं, म्हणून हे पत्र माझ्या हातचं. अक्षर वाकडं आहे, पण ते आधीपासूनच.

साहेबांना परस्पर लिहिलंस याचा दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं आणि विचारलं, खोटं का बोललात. मी म्हणालो, मुलगी घरातली पहिली शिकलेली आहे. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. तो दिवा वाईट असता आणि मी लपवला असता, तर उद्या दुसरा कोणी तसलाच घेऊन खाली उतरला असता. शेरा त्यांनी खोडला नाही. त्याच्याखाली तुझं पत्र चिकटवलं. सोमवारपासून मी पुन्हा टाकीत उतरणार आहे. आता प्रत्येकाने दोन बॅटऱ्या न्यायच्या आणि कोणी एकट्याने पलीकडे जायचं नाही, असा नियम झाला आहे.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. खाली मी तुझ्या दिव्याला दोष दिला. सेल फिरवून बघावेत असं एकदाही मनात आलं नाही. बावीस वर्षांत हात चुकला नव्हता ना, म्हणून. तेव्हा तो पदवीचा कागद भिंतीवरच राहू दे, नाहीतर तिथली भिंत उगाच रिकामी दिसेल.

काल नवा दिवा तपासला. खोलीत मध्यभागी उभा राहिलो, डोळे मिटले आणि माझ्या पद्धतीने तिन्ही सेल घातले. मनगट दुखत होतं, वेळ लागला. बटण सरकवलं आणि तसाच उभा राहिलो. डोळे उघडायचा धीर होईना. शेवटी तुझी आई म्हणाली, अहो उघडा आता, केव्हाचा लागलाय.

बाबा