अकराचा फोन उचला

बाबा,

त्या ऊर्जा सहकार्य संस्थेच्या मुलाखतीला चाललेय. बावीस देश आहेत तिच्यात, इंटर्नशिपच्या जागा दोनच. त्यातली एक माझी, लिहून ठेवा.

अर्जात अनुभव विचारला होता. ‘पाच वर्षं मोटार रिवाइंडिंग, वडिलांच्या हाताखाली’ असं लिहून तुमचा नंबर दिलाय. अकरा वाजता ते तुम्हाला फोन करतील. मी अर्ज केला म्हणून चार दिवस माझ्याशी अबोला धरलाय तो खुशाल धरा, पण त्यांच्याशी नीट बोला. पहिल्याच वर्षी मी गिऱ्हाइकाचा पंप जाळला, तेही सांगा. त्याची मोटार मीच पुन्हा तार गुंडाळून चालू करून दिली, हे मात्र विसरू नका.

‘ती गेली तर दुकानात माझं अडेल’ असं तोंडात आलं, तर तेही बोलून टाका. मला कधी सांगितलं नाहीत, निदान त्यांच्याकडून तरी कळेल.

तुमची हेल्पर