सासूबाईंचं खोटं आजारपण

गुरुवार, संध्याकाळ

तीन आठवडे व्हायोलिन शिकायला गेले नाही. भजनात गातात त्या एका लिंगायत वचनाची जुनी चाल हातात बसेना, म्हणून अप्पांना, माझ्या गुरुजींना, फोनवर सांगून टाकलं की सासूबाई आजारी आहेत.

आज अप्पा मेहकरहून बसनं विचारपूस करायला आले. या वयात! हातात डाळिंबं. दार सासूबाईंनीच उघडलं.

"आता बरं हाय का, अक्का?"

"मला काय झालंय? धडधाकट हाय की!"

मी आत उभी. त्या डाळिंबांकडे बघवेना.

अप्पा मला एवढंच म्हणाले, "चाल जमंना म्हून येईना झालीस व्हय? मला दोन वर्षं लागली, पोरी."

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कामून गं, मला आजारी पाडलीस?"

मी पेटीतून व्हायोलिन काढलं. तारा पार उतरलेल्या. त्या सुरात लावायलाही मला अप्पाच लागतात.