दोन वाजताची मानवंदना

प्रिय शमिका,

तुझ्या बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी मान हलवली, त्या क्षणी सगळं बदललं. शिमग्याचे दिवस, सकाळचे पावणेअकरा. माझे बाबा घरापुढच्या खळ्यात चटईवर निजवलेले, आई आत माजघरात, आणि सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. तू पुण्यात होतीस. तुला फोनवर सगळ्यांनी एवढंच सांगितलं की केरूकाका झोपेतच गेले, सगळं नीट पार पडलं. मीही तेच सांगितलं. पाच महिने तुझ्याशी खोटं बोलतोय. आज खरं सांगतो, आणि रागात सांगतो, तेव्हा काही वेडंवाकडं लिहून गेलं तर गेलं.

माझं आणि बाबांचं बोलणं तसं बंदच होतं, तुला ठाऊक आहे. तू नर्सिंगला गेलीस आणि मी एसवायला कॉलेज सोडलं. लोकांना सांगितलं, अकाउंटच्या सरांशी भांडण झालं. भांडण झालं होतं खरं, त्यांचा डस्टर मी खिडकीतून मैदानात भिरकावला होता, पण तेवढ्यावर कोणी कॉलेज सोडत नाही. ज्या कट्ट्यावर तू बसायचीस तिथे दुसऱ्या पोरी बसून वडापाव खायला लागल्या आणि मला ते बघवेना. हे बाबांना काय डोंबल सांगणार? चोवीस वर्षं फौजेत काढलेला हवालदार तो. एकदाच म्हणाले, “पळपुटा.” त्यानंतर “जेवायला चल” आणि “पंप बंद कर” यापलीकडे शब्द नाही.

पण एका कामाला ते मलाच हाक मारायचे. आसपास कुठे माजी सैनिक गेला की आधी फोन बाबांना यायचा. मग ते रत्नागिरीच्या सैनिक कार्यालयात कळवायचे, नाव, पलटण, किती वाजता उचलणार ते. कोट, मेडलं, डोक्यावर बेरे टोपी, आणि गाडी चालवायला मी. कार्यालयाचा माणूस पुष्पचक्र घेऊन यायचा. बाबा तिथले चार-पाच म्हातारे फौजी एका ओळीत उभे करायचे, कोणाचा गुडघा वाकत नसला तरी हुकूम द्यायचे आणि सगळ्यांचे हात एकदम कपाळाला. झालं. दोन मिनिटांचं काम. कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही, कोणाच्या तेराव्यालाही कधी जेवले नाहीत.

पूर्णगडला येसूबाईंचा नवरा गेला तेव्हा ऐन मे महिना होता. बाबा कोटात नुसते निथळत होते. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं, “लढाईत गेला असता तर समजलो असतो. हा तर पेजेचं ताट पुढ्यात घेऊन मेला.” बाबांनी ऐकलं, वळले नाहीत. येसूबाई दारात उभ्या होत्या, दोघींनी धरलेल्या, पाठीतून पार वाकलेल्या. हात वर गेले आणि ती बाई सरळ झाली, शमिका. मी डोळ्यांनी पाहिलं. धरणाऱ्या दोघींना बाजूला सारून सरळ उभी राहिली. परत येताना पावसला सोडा प्यायला थांबलो तेव्हा बाबा आपणहून बोलले. म्हणाले, “सलाम मढ्याला नसतो रे. मढ्याला काय कळतंय? तो बाईला असतो. हा तिकडे बर्फात होता तेव्हा हिने एकटीने पोरं काढली, सासू काढली, भाताची लावणी काढली. तिला एकदा तरी कोणी सलाम ठोकायला नको?” तेवढंच. ग्लास ठेवला आणि गाडीवर बसले.

आता त्या सकाळचं ऐक. सात वाजता आईने हाक मारली तेव्हा बाबा गार झाले होते. मी पहिला फोन सैनिक कार्यालयात लावला, बाबांनी इतरांसाठी लावला असता तसाच. तिथले साहेब हेदवीला एका घरी निघून गेले होते. त्यांचा स्वतःचा फोन आला, म्हणाले, “केरू हवालदार? मी स्वतः येतो. फेरीबोटीने जयगडला उतरतो, दोन वाजेपर्यंत पोचतो. तोवर ठेवा.” बाबांच्या ओळीत नेहमी उभे राहणाऱ्या पावसच्या सुभेदारांनी बाकीच्या फौजींना कळवलं. ते सगळे साहेबांच्याच बरोबर, त्यांच्याच वेळेला येणार होते. आईला सांगितलं तर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, खळं झाडून घे.

आणि शिमग्याची पालखी त्या दिवशी आपल्या वाडीत यायची होती. बारा वाजता. वाडीत मयत असलं की ते उचलेपर्यंत देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून हलत नाही, हे तुला मी काय सांगू, मानकऱ्याची मुलगी तू. मुंबईकर दोन दिवसांची रजा काढून आलेले, घराघरात ओट्या भरून तयार, ढोलवाले येऊन बसलेले. दहा वाजल्यापासून माझ्याकडे बघत कुजबुज सुरू. रितेशला सांगा. रितेशला कोण सांगणार? मग तुझे बाबा आले. आल्या आल्या ढसाढसा रडले, ते खोटं नव्हतं. बाबा आणि ते एका शाळेत होते. डोळे पुसले आणि म्हणाले, “उचलूया.” मी म्हटलं, साहेब दोनला येतायत. ते म्हणाले, “साहेब काय, उद्या पण येतील. मढ्यापायी देव ताटकळत ठेवायचा काय रे?” कोणीतरी मागून टोमणा मारला, “आर्डर काढा, देवाला पण आर्डर काढा.” दोघंतिघं हसले. माझ्या बापाचं मढं समोर आणि हसले!

तेव्हा आई बोलली. माजघराच्या दारातून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “दोन वाजेपर्यंत ठेवा. ते माझ्यासाठी येतायत.” एवढंच म्हणाली. बाबांनी तिलाही कधीतरी तेच सांगितलं असणार. आता तूच सांग, आपल्याकडे बायका स्मशानात जातात काय? नाही. म्हणजे तो सलाम तिला दिसला असता तर खळ्यातच दिसला असता, दुसरीकडे कुठेच नाही. हे तिथल्या प्रत्येक पुरुषाला कळत होतं. तरी बाईचा आवाज कौलावरून माकड जावं तसा गेला, वर बघितलं आणि सोडून दिलं.

मग तो हात. तुझ्या बाबांनी मला शेवग्याखाली बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “तू समजूतदार आहेस. मी तर तुला आमच्या घरातलाच समजतो.” घरातला! तीन वर्षं मी ज्या शब्दासाठी तुमच्या कुंपणाबाहेरून गाडीचा हॉर्न वाजवत फिरलो, तो शब्द माझ्या बापाच्या मढ्यापासून दहा पावलांवर मिळाला. आणि मी, जो डस्टर फेकतो, जो कंडक्टरची कॉलर धरतो, तो मी गोगलगाईसारखा मान हलवून मोकळा झालो. तुझ्या बाबांना, रामाकाकांना, नाही म्हटलं तर शमिका जाईल, एवढंच डोक्यात होतं. अकरा वाजता तिरडी उचलली. पुढचा खांदा तुझ्या बाबांचा. मी मागे वळून माजघराकडे बघितलं नाही. पळपुटा म्हणाले होते, बरोबर म्हणाले होते.

दोनला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. साहेब, पुष्पचक्र, मागच्या गाडीत पाच म्हातारे, सगळे कोटात. मी त्यांना स्मशानात नेलं. तोवर चितेची लाकडं जळून बसली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. निखाऱ्यापासून थोडं लांब चक्र ठेवलं. सुभेदारांनी हुकूम दिला, हात वर गेले. बघायला मी, लाकडं सारणारा एक माणूस, आणि वाडीतून येणारा ढोलाचा आवाज. नंतर साहेब घरी आले. आई न्हाऊन ओल्या केसांनी आतच बसलेली, बाहेर आली नाही. त्यांनी पेन्शनचे आणि अंत्यविधीच्या मदतीचे कागद माझ्या हातात दिले, कुठे तिचा अंगठा, कुठे फोटो, सगळं दोनदा समजावलं. चांगला माणूस. ते कागद पुढे वेळेत झालेही. निघताना फक्त म्हणाले, “आम्हाला उशीर नाही झाला हं, बाळ.” त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं.

आता इथून पुढचं तुला अर्धं माहीत आहे. पंधरा ऑगस्टला सहाणेजवळ काळ्या दगडाची स्मृतिशिला बसणार, गावातल्या सगळ्या फौजींची नावं, पहिलं नाव बाबांचं. तुझ्या बाबांनी पुढाकार घेतला, फोनवर तू किती खूश होतीस! तुला न सांगितलेलं अर्धं हे की सुभेदारांनी आणि आसपासच्या एकूणएक फौजींनी यायला नकार दिलाय. ते म्हणाले, आधी गावाने लिहून द्यावं की केरूला उचलण्यात चूक झाली, मग आम्ही मेडलं लावून येतो. दगड नको म्हणाले, आधी कागद. तर तुझ्या बाबांनीही कागदच मागितला, पण माझ्याकडून. ‘माझ्या आईच्या इच्छेनुसार आम्ही कुटुंबीयांनी अंत्यविधी लवकर उरकला, ग्रामस्थांचा काही दोष नाही.’ आईच्या इच्छेनुसार! जी एकटी बाई नको म्हणाली, तिच्याच नावावर. आणि त्याच बैठकीत, चहाचा कप खाली ठेवताना म्हणाले, गणपती झाले की तुमचा साखरपुडा करून टाकू, पोरगी पण तयार आहे.

मी घरी येऊन आरडाओरडा केला. कपाट लाथेने उघडलं. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “कर सही. पोरगी गुणी आहे. माझं काय जातंय?” माझं काय जातंय! मला तुझ्या बाबांचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या क्षणी आईचा आला. मग बघितलं तर ती ताटलीतले चांगले तांदूळ उचलून बाहेर टाकत होती आणि खडे ठेवत होती.

मला तू हवी आहेस. हे मी आधी कधी असं सरळ लिहिलं नाही, हॉर्न वाजवण्यातच तीन वर्षं घालवली. तुझा फोन आला नाही तर माझा हात कामाला लागत नाही, अजून. पण त्या सकाळी मी तुझ्यासाठी मान हलवली असं म्हणत राहिलो तर तो दोष हळूहळू तुझ्यावर येतो, आणि तुला तर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. मान माझी होती. मीच हलवली.

हे पत्र का लिहितोय ते आता सांगतो. मी तुमच्याच पडवीत बसलोय. आज सकाळी तुझ्या बाबांनी बोलावून घेतलं, पुढ्यात कोरे कागद ठेवले, पेन दिलं आणि म्हणाले, “जेवण होईस्तो सावकाश लिही, मी सरपंचांना घेऊन येतो.” आत तुझी आई माझ्यासाठी सौंदाळे मासे तळतेय, मघाशी विचारून गेली, सोलकढी तिखट चालते ना. त्या कागदांवर मी तुला लिहीत बसलो. एकच ताव उरलाय, आणि त्यावर मी तीन ओळी लिहून सही केली आहे: माझ्या आईने दोन वाजेपर्यंत ठेवा असं सर्वांसमक्ष सांगितलं होतं. रामाकाकांनी उचलायला सांगितलं. मी, हवालदार केरू यांचा मुलगा रितेश, हो म्हणालो. तो कागद त्यांच्या चष्म्याखाली टेबलावर ठेवतोय. त्याचा फोटो काढून घेतलाय, तो घेऊन आता पावसला सुभेदारांकडे जाणार आणि त्यांना हात जोडून सांगणार, दगडाचं गाव बघून घेईल, तुम्ही एकदा कोट घालून आमच्या खळ्यात या, माझी आई दारात उभी असेल. तुझ्या बाबांना हा कागद वाचून मी जावई म्हणून चालणार नाही, हे मला कळतं. तुला चालेन की नाही ते तू ठरव, आणि ठरवलंस तर मलाच सांग, कोणाकरवी नको. तुझ्या आईला आवाज देऊन सांगतो की जेवायला थांबत नाही. गाडीची किल्ली हातात घेतली आहे, चपला पायात आहेत. बाहेर पडतो आणि तुमच्या घराचं दार मागे लावून घेतो.

तरीही तुझाच,
रितेश