छबुबाईनं तंग कानाशी धरला

पाटोदे मुक्कामी वडीलधारे दाजी राधाकिशनराव यांच्या पायाशी लिंबागणेशहून सुंदरराव वैद्याचा दोन्ही कर जोडून नमस्कार. (खरं म्हणजे एकच कर जुळतो. डावा गळ्यात अडकवलेला आहे, त्याची हकीकत पुढे येईल.) इकडे सर्व खुशाल. तुमचा खोकला कसा आहे? हुक्का सुटला असेल अशी आशा धरत नाही, नुसतं विचारतो. मुक्ताआक्काच्या गुडघ्यासाठी लेप पाठवला होता, तो तिनं भाकरीबरोबर चाखून पाहिला असं कळलं. चवीबद्दल तिचा निरोप मिळाला, गुडघ्याबद्दल काहीच नाही.

मागच्या पत्री मी जुन्या जीनाविषयी तुमचा सल्ला विचारला होता. आमच्या घोडीसाठी मी ते रिसाल्यातून घरी बसलेल्या एका जमादाराकडून घेतलं. बैठक, लगाम, रिकिबी आणि घोडीच्या पोटाखालून आवळायचा चामड्याचा तंग, असं सगळं सामान. रंग पिकल्या जांभळासारखा. जमादारानं ते देताना डोळे पुसले, त्यामुळे मला ते हातचं सोडवेना. टाके मात्र जागोजाग उसवलेले. दुरुस्त करावं की टाकून द्यावं, एवढाच प्रश्न होता. तुम्ही उलट टपाली कळवलंत की जुनं कातडं नव्याला भारी, चार टाके घाला आणि खुशाल हिंडा. आमच्या मंडळींचं मत पडलं, "आधी घोडीला इचारा." मी दोन्ही मतं ऐकून घेतली आणि त्यातलं मला हवं होतं ते धरलं.

इथला जीनगर धुळाजी तुम्हाला ठाऊक आहे. ओसरीवर बसतो, दहा गावांच्या खबरी सांगतो, आणि गिऱ्हाइकाची वस्तू हातात घेऊन "बघून सांगतो" म्हणत मागच्या पडद्याआड सरकवतो. मला वाटे, कारागीर माणूस आहे, एकांतात विचार करत असेल. त्या दिवशी घाई होती म्हणून मीही पडद्यामागे डोकावलो, तर तिथं त्याची बायको छबुबाई आमचा तंग मांडीवर घेऊन बसलेली. धुळाजीच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून मोतीबिंदू उतरला आहे (अंजन माझंच चालू होतं, तो विषय इथेच सोडू). म्हणजे दोन वर्षं माझ्या औषधाच्या पिशवीचे पट्टे, कोतवालाच्या वहाणा, देवळातल्या नगाऱ्याच्या वाद्या, सारं त्या पडद्यामागून निघत होतं, आणि मी मात्र दर वेळी धुळाजीच्या पाठीवर थाप मारून येत होतो. तोही बिचारा निमूट थाप खात होता.

तर छबुबाईनं तंग दुमडला आणि कानाशी धरला. दाजी, मी रोग्याची नाडी धरतो तेव्हा माझं निम्मं लक्ष घरच्यांच्या तोंडाकडे असतं. हिचं सगळं लक्ष तंगाकडे. मग तिनं तो हुंगला, नखानं खरवडला, उलटा करून उजेडात धरला आणि म्हणाली, "वैद्यबुवा, ह्यो मेला हाय."

"मेला कावून? लई चकाकतोय की!" मी म्हणालो.

"वरनं तेल पाजलंय. आत कोरडा खडंग. तीन डाव शिवलाय, त्यो बी एकाच जागी. दर टाक्याला भोक पडतंय. भोकाला भोक भिडलं की दोरा ऱ्हातो, कातडं न्हाई. बैठक चांगली हाय, लई जुन्या हाताची. ती मी नीट करून देते. जे नुसतं टेकायला हाय ते दुरुस्त करा, जे वजन धरतंय ते नवं घ्या. ह्या तंगाला मी आरी लावनार न्हाई."

मला राग आला. इतकं सरळ माझ्याशी कुणी बोलत नाही आणि मीही कुणाशी बोलत नाही. रोग्याच्या उशाशी बसून "बघू, उतार पडेल" म्हणण्यात माझी निम्मी हयात गेली. तुमचं पत्र खिशात होतंच. मी तंग उचलला आणि बाजारातल्या दुसऱ्या एका कारागिराकडून शिवून आणला. पांढऱ्या दोऱ्याचे मोत्यासारखे टाके! मी जाता जाता मुद्दाम धुळाजीच्या ओसरीवरून गेलो. पडदा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घाटापलीकडच्या वाडीवरून चंद्रभागाबाई नावाच्या म्हातारीसाठी बोलावणं आलं. मोकळ्या माळावर घोडी वाऱ्यासारखी सुटली होती, तेवढ्यात तंग तटकन तुटला आणि मी जीनासकट जमिनीवर आलो. मनगट गेलं. छबुबाई कळताच घरी आली. "मी सांगितलं व्हतं" हे तीन शब्द ती म्हणेल म्हणून मी डोळे मिटून पडलो होतो. ती म्हणाली नाही. तुटका तंग हातात फिरवत एवढंच पुटपुटली, "घाटात तुटला असता तर?" आणि पदर तोंडाला लावला. मी डोळे उघडले आणि सगळं जीनच तिच्या हवाली केलं.

आठ दिवसांनी जीन तयार झालं. बैठक तीच, तंग नवा, दुहेरी कातड्याचा. मी बसण्याआधी ती स्वतः रिकिबीला लोंबकळली. वजन कमी पडतंय म्हणून धुळाजीलाही लोंबकळायला लावलं. घोडी माझ्याकडे बघत होती, आणि मी त्या बाईकडे.

चंद्रभागाबाईंकडे मी पडलो त्याच दिवशी, हात बांधून, पायी गेलो होतो. दुखणं शेवटचं होतं. "बघू" हा शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला. खरं ते सांगितलं. म्हातारीनं माझा धडका हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं बाबा सांगितलंस. आता लेकीला बोलवून घेते." लेक वेळेवर पोचली. मायलेकी चार दिवस बोलत होत्या.

आक्काला माझा दंडवत, पोरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो हुक्क्याइतका तरी टिकवावा.

तुमचा, सध्या एकहाती,
सुंदरराव

ता. क. मंडळी वाचून म्हणतात, खोटं लिहू नका. घोडी माळावर नव्हती. आमच्याच दारात, उभ्या जागी, कडबा खात होती. मी रिकिबीत पाय घालून वर चढत होतो.

आणखी ता. क. पाटोद्याच्या बाजारात कारागिरांच्या रांगेत कुणी बसावं हे तुमच्या शब्दावर ठरतं. त्या रांगेत बाई बसत नाही, असं तिथले म्हणतात. छबुबाईला तिथं जागा द्यावी, आणि ती तिच्या नावानं द्यावी, धुळाजीच्या नव्हे. धुळाजी शेजारी बसेल, बोलायला.

शेवटचं ता. क. ही विनंती आहे असं वाचू नये. पत्र टपालानं येत नाही, आम्हीच घेऊन निघालो आहोत. घोडीवर छबुबाईची हत्यारं आणि कातड्याचा गठ्ठा आहे, लगाम तिच्या हातात, आणि धुळाजी माझ्या धडक्या हाताला धरून चालतो आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा आम्ही तुमच्या दारात उभे असू. आक्काला चार भाकरी जास्त टाकायला सांगा.