गाळलेला टोला

५ मे
पोचले बाई एकदाची! जावातल्या सोलो शहराबाहेरचं हे घर म्हणजे स्वर्ग आहे. फणसाची सावली, थंडगार फरशी आणि ओसरीवर गामेलानचा अख्खा वाद्यमेळ. घरमालकीण बू लास्मींनी आल्या आल्या गरम तेम्पे वाढलं. त्यांचे यजमान पाक सुतार्दी, मोठे संगीतकार, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत म्हणे. मला इथे माझी रचना पुरी करायची आहे. आई मला 'अर्धवट रेत्नो' म्हणते. म्हणू दे! यंदा महोत्सवात वाजली नाही, तर मात्र संगीत सोडून मामाच्या बाटिकच्या दुकानात बसायचं ठरलंय.

८ मे, गुरुवार
दिवसभर पाक सुतार्दींचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकतेय. काय डोकं आहे! तुटका ताल, खरवडलेले सूर आणि कहर म्हणजे शेवटी गाँगच नाही. मोठ्या गाँगचा टोला पडल्याशिवाय आमच्यात वादन संपत नाही. यांनी तो मुद्दाम गाळलाय. मीही त्याच मुद्रणावर माझी रचना बेतली आणि टोला गाळला. बू लास्मी संध्याकाळी गाँगला फुलं वाहत होत्या, त्यांना हौसेने सांगितलं. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. नसता शहाणपणा करू नकोस पोरी, म्हणाल्या.

९ मे
झाली! जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं झालं! मुद्रणाबरोबर वाजवून पाहिली. पण संपल्यावरही उजवा हात थांबेना. जेवताना ताटावर तोच ताल. बू लास्मींनी पाहिलं आणि घास खाली ठेवला.

११ मे
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची सालटी निघाली, तरी वाजतोच आहे. मागच्या खोलीत डोकावले. नुसता हाडांचा सापळा. श्वास नाही. बोटं मात्र चादरीवर — माझाच ताल. छे, मीच त्यांचा —

१२ मे
गाँगवर टोला पडला की थांबेल. हातोडी बू लास्मींनी लपवली आहे. पाया पडले त्यांच्या. टोला पडला तर माझा माणूस जाईल गं, म्हणून रडल्या. मग मी काय करू? मी काय करू, देवा?

१३ मे
आज श्वास घ्यायला विसरले. बराच वेळ. काहीच झालं नाही —

१४ मे
बू लास्मी हातोडी घेऊन आल्या. त्यांचे हाल बघवत नाहीत आता, म्हणाल्या. सुटले गं बाई —

फुलं वाहिली त्यांनी. एक ओंजळ पाक सुतार्दींच्या नावाने. मग आणखी एक —

दोघंही सुटाल, म्हणाल्या.

दोघं? माझा तर नुसता हात — बू, थांबा — नाही करायची पुरी — अर्धवटच राहू दे मला, अर्ध