दहा नंबरचा पाना

मी, बस आगारात हयातभर वेळापत्रके लिहिलेला, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दबावाखाली नसताना (दबाव टाकणारी बायको दीड वर्षापूर्वी गेली) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीचे रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. दोन खोल्यांचे घर मुलाला. त्याला गाडीही हवी आहे, भंगारात घालायला. ती मिळणार नाही.

२. गाडी म्हणजे जुनी टपालगाडी. आत दोन बाक, शेगडी, पाण्याची टाकी. निवृत्तीनंतर आठ वर्षे आम्ही उभयता तिच्यातून हिंडलो. गावोगावचे लोकजीवन पाहायचे, ही कल्पना माझी. वेळापत्रकही माझेच: प्रत्येक गावाला चाळीस मिनिटे, फोटो धरून. बायको म्हणायची, "अहो, जरा थांबा ना, माणसं बघू." मी म्हणायचो, "खिडकीतून बघ."

३. गाडी मात्र नेमकी गावात बंद पडे. दर वेळी बॅटरीच्या तारेचा नट सैल. तो आवळायला दहा नंबरचा पाना लागतो, आणि माझ्या संचातला तेवढाच गायब. संच पहिल्या प्रवासाआधी मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, वापरायला नेऊन परत आणून दिला होता. चोर कोण, हे उघड होते. त्याने पाना परत करावा म्हणून मी हट्टाने नवा घेतला नाही. मग बायको दारोदार पाना मागत फिरे आणि त्यात दोन-दोन दिवस सहज जात. एका विणकरीणबाईंच्या मागावर ती तीन दिवस बसली. मी गाडीत बसून खड्ड्यांबद्दल रस्ते खात्याला तक्रारी लिहिल्या. एक मेकॅनिक म्हणालाही, "काका, असला नट आपोआप सैल होत नाही." ही घाईघाईने म्हणाली, "रस्तेच तसले आहेत हो!"

४. ती गेल्यावर तो पाना तिच्या चष्म्याच्या डबीत सापडला. त्यानंतर मी एकटा चौदाशे किलोमीटर जाऊन आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. कोणी भेटलेही नाही. मला तिची फार आठवण येते.

५. माझी किलोमीटरची वही रद्दीत द्यावी. तिची वही, तेवीस गावांतल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या अंगाईंची, मुलीला. गाडी आणि डबीसकट पानाही मुलीलाच. नट कोण सैल करते, हे तिने जावईबापूंना सांगू नये.

६. मेहुण्याला मी चारचौघांत चोर म्हटले व आजवर त्याच्याशी बोललो नाही. त्याला मुद्दाम साक्षीला बोलावले आहे. वकील म्हणतात, साक्षीदाराला मिळकत देऊ नये. माफी मागता येते का, विचारले, तर म्हणाले, तसे कलम नाही. तरी मागतो.

स्थळ: घरासमोर उभ्या गाडीत, बायकोच्या बाकावर
दिनांक: ९ जानेवारी
(सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर. लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)

साक्षीदार दुसरे: मेहुणा. (सही) भावोजी, पाना ताईकडे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणाली होती, "आळ तू घे रे. चोर सापडला नाही, तर हे नवीन पाना आणतील."